मशेरी तंबाखूत येत नाही

आत्याचा केसपेपर आमच्या गुहागरच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. १९७६ सालचा. कागद पिवळा पडून घडीवर फाटला आहे. पण डॉक्टरांचे अक्षर वाचता येते. वय ५२, पत्ता परळच्या चाळीचा, तक्रार डाव्या गालात आतून जखम, तीन महिने भरत नाही. त्याखाली ‘हॅबिट्स’ असा छापील शब्द आहे आणि त्यापुढे शाईने लिहिलेले ‘निल’. म्हणजे सवयी काही नाहीत.

ते ‘निल’ लिहिले गेले तेव्हा मी तिथे होतो. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजसाठी तिच्याकडेच राहत होतो. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, “तंबाखू खाता का?” आत्या पदर सावरून म्हणाली, “छे हो, आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत.” बाहेर व्हरांड्यात रांग लागली होती. डॉक्टर पुढच्या रकान्याकडे वळले. आत्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात, सुट्या पैशांबरोबर, मशेरीची डबी होती. बाराव्या वर्षापासून ती रोज सकाळी मशेरी लावत होती. पुढे दुपारी आणि रात्रीही. ती खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणे. मीही शेजारी बसून गप्प राहिलो, कारण माझ्याही लेखी ते तसेच होते. मशेरी तंबाखूत येत नाही असे आमच्या घरात कुणी कधी म्हटले नव्हते. म्हणायची वेळच आली नव्हती.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी ती गेली. घरात सगळ्यांचे मत एकच होते: नशिबात होते. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले आणि निवृत्तीनंतर त्या एका ‘निल’च्या मागे लागलो. रोगाचा नव्हे, त्या रकान्याचा इतिहास मला हवा होता. रोग्याला त्याच्या सवयी विचाराव्यात हे पहिल्यांदा कुणाला सुचले, आणि विचारूनही आत्याची सवय का सापडली नाही?

आधी मशेरीविषयी, कारण शहरी वाचकांच्या पुढच्या पिढीला हा शब्दही ठाऊक नसेल. काळी पानाची तंबाखू घाटावरून यायची. आमच्या लाल मातीत आणि पावसात ती पिकत नाही. कोल्हापूर, सांगली, निपाणीकडचा माल बाजारात असे. ती पाने तापल्या तव्यावर टाकायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, हाताने चुरडायची आणि फडक्यातून गाळून डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठे, की आम्हा पोरांना घरातून हाकलून देत. अख्ख्या वाडीला कळायचे, आज अमक्याकडे मशेरी भाजतायत. सकाळी मागीलदारी चुलीचा जाळ लागायच्या आधी बायका उकिडव्या बसून डाव्या हाताच्या तर्जनीने ती दातांना, हिरड्यांना चोळत. पाचदहा मिनिटे तशाच बसून राहत. कुणी विचारले तर कारणे ठरलेली: दात दुखत नाही, तोंडाला वास येत नाही, पोट साफ होते. बहुतेकींची सुरुवात खरोखरच दातदुखीतून झालेली असे. दाढ ठणकणाऱ्या मुलीला आईच चिमूटभर लावून देई. निकोटीनने ठणका मंदावतो हे खरे. मग दाढ पडून गेली तरी डबी राहते.

आणखी एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. दिवसभरात बाईला फक्त स्वतःसाठी मिळणारी ती पाचदहा मिनिटे होती. मशेरी लावत असलेल्या बाईला कुणी हाक मारत नसे. तोंड भरलेले असते, ती बोलू शकत नाही, एवढी सवलत तिला होती.

ही तंबाखू आली कुठून? पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या वाटेने दख्खनेत उतरली हे शाळेतही शिकवतात. त्या काळातली एक नोंद मात्र फार गमतीची आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परतला तो सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, आणि इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली. उत्तरेत ही वस्तू नवीन होती, विजापुरात नव्हती. आणि विजापूरचे समुद्राकडचे मुख्य दार म्हणजे आमचे दाभोळ. अकबराने दोनतीन झुरके घेतले. दरबारी हकीम म्हणाला, आमच्या ग्रंथांत ही वनस्पती नाही, तेव्हा बादशहाने ती घेऊ नये. असद बेगाने युक्तिवाद केला की जगातली प्रत्येक चाल कधी ना कधी नवीच होती. शहाण्या लोकांनी तपासल्याशिवाय ती पसरली नसती. वादात तो जिंकला असे तोच लिहितो. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले ते सांगायला नको. असद बेगाचा युक्तिवाद पानटपरीवर आजही जसाच्या तसा ऐकू येतो, फक्त चिलमीऐवजी पुडी असते.

तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत तंबाखूने काय होते यावर मते पुष्कळ होती, मोजणी नव्हती. मद्रासला निब्लॉक नावाच्या शल्यचिकित्सकाने १९०२ मध्ये गालाच्या कर्करोगाचे असाधारण प्रमाण नोंदवले. त्रावणकोरच्या टोकाला, नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातल्या डॉ. ऑर यांनी १९३३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर लिहिले. दोघेही रुग्णालयात बसून समोर येणाऱ्यांकडे पाहत होते. आमच्या मराठी मुलखात ते काम ज्यांनी केले त्यांचे नाव खानोलकर. साहित्याच्या वाचकांना खानोलकर म्हटले की चिं. त्र्यं. आठवतील, कुणाला गं. दे. आठवतील. मी म्हणतो ते तिसरे: डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५, मृत्यू १९७८. आडनाव तेच, वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून पडलेले. आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ते गावही आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. एवढी आपुलकी मी लावून घेतो.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या, पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, दोराबजीही गेले. त्यांच्या मागे त्यांच्या ट्रस्टने उभे केलेले हे रुग्णालय. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख. तोंडाच्या कर्करोगाचे एकापाठोपाठ एक आलेले १००० रुग्ण त्यांनी घेतले आणि १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा लेखाजोखा मांडला. शल्यचिकित्सक गाठ कुठे आहे ते पाहतो. रोगनिदानतज्ज्ञ काचेच्या पट्टीवर तिचा प्रकार पाहतो. खानोलकरांनी याला जोडून तिसरी गोष्ट पाहिली: हा माणूस कुठून आला, त्याच्याकडे काय चघळतात, ते तोंडात नेमके कुठे ठेवतात. गुजराती आणि दख्खनी असे गट पाडून त्यांनी तुलना केली. एकाच शहरात, एकाच पाण्यावर राहणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या जागी कर्करोग होत असेल, तर कारण रक्तात किंवा हवेत शोधण्याआधी चालीरीतींत शोधले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकात ‘यूसेजेस’ हा शब्द आहे. रूढी, वहिवाट. भारतातल्या तीन नव्या प्रकारांविषयी तो आहे. खालच्या ओठाआड खैनीची गोळी ठेवणाऱ्यांना ओठाशी होणारा कर्करोग. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या आंध्र किनाऱ्यावरच्या लोकांना टाळूला होणारा. आणि कमरेला धोतर घट्ट कसणाऱ्यांना त्याच जागी कातडीला होणारा. धोतराचा कर्करोग! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो, मग माझ्या आजोबांच्या कमरेवरचा तो काळा, जाड पट्टा आठवला. लंडनच्या धुराड्यात उतरणाऱ्या पोरांना काजळीने कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्ये सांगितले होते. पण तो धंद्याचा रोग होता. धोतर, खैनी, चुट्टा हे धंदे नव्हेत. ते घरातले, अंगवळणी पडलेले, न दिसणारे. न दिसणाऱ्या गोष्टीला वैद्यकाच्या रकान्यात जागा करून देणे हे खानोलकरांचे काम मला त्यांच्या पुढच्या सगळ्या पदांहून मोठे वाटते. पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच संचालकत्वाखाली उभे राहिले आणि १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आत्याच्या केसपेपरावरचा तो छापील शब्द अशा शोधांचा वारस होता.

त्यांच्याच संस्थेतल्या एल. डी. संघवी यांनी खानोलकर आणि राव यांच्यासह १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पुढचे पाऊल टाकले. रोग्यांच्या सवयी मोजल्या, तशाच रोग नसलेल्यांच्याही मोजल्या. चघळणाऱ्यांना तोंडाचा, विडी ओढणाऱ्यांना घशाचा, आणि दोन्ही करणाऱ्यांना सर्वांत मोठा धोका. फुप्फुसाच्या कर्करोगाची आणि सिगारेटची गाठ डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये घातली त्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. मुंबई फार मागे नव्हती.

आता जरा परळकडे वळू. टाटा रुग्णालय गिरणगावात उभे राहिले आणि गिरणगाव मोठ्या प्रमाणात आमच्या जिल्ह्याने भरलेले होते. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. पुढे प्रमाण घटले तरी चाकरमानी आणि कोकण हे समीकरण गिरण्या बंद पडेपर्यंत टिकले. कापसाच्या धंद्यात विडी पेटवता येत नाही, खात्यात आग लागायची भीती. चंची मात्र कमरेला चालते. पाळी आठ तासांची, मध्ये भूक लागते, झोप येते. चिमूटभर तंबाखू आणि चुना दोन्ही मारतो. चुना कशाला, याचे उत्तर रसायनात आहे: चुन्याने लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून झपाट्याने आत जाते. कामगाराला रसायन ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स नावाची द्रव्ये त्याच अस्तरातल्या पेशींचे काय करतात, ते कळायला मात्र वीसतीस वर्षे लागत. आत्याचे यजमान साच्यावर होते. ते तंबाखू खातात हे सगळ्यांना ठाऊक होते, घरात त्यावरून भांडणेही होत. बायकोने बादलीशेजारी बसून लावलेल्या मशेरीवरून कधी भांडण झाले नाही.

म्हणून मला खरी कलाटणी वाटते ती १९६० च्या दशकातली, जेव्हा संशोधक रुग्णालयातून उठून घराघरांत गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अणुभौतिकीच्या शेजारी, दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता, डॉ. दफ्तरी, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे प्रा. येन्स पिंडबोर्ग यांनी आधी भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम, दरभंगा अशा जिल्ह्यांत मिळून ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडे तपासली. मग पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ जणांची. तो निबंध १९७२ मध्ये आला. एक लाखाच्या वर माणसांना उजेडात बसवून, ओठ उलटून, जीभ वर करून पाहायचे. हे करणाऱ्या डॉक्टरांच्या पाठीचे काय झाले असेल! पुण्याच्या गावांत त्यांना जे दिसले त्याने माझे डोळे उघडले. तिथल्या बायकांची मुख्य सवय मशेरी होती, आणि पुरुष तिला जवळजवळ शिवत नसत. तंबाखू खाता का, एवढेच विचारून भागले असते तर त्या गावांतल्या बायका कागदावर निर्व्यसनी ठरल्या असत्या. त्यांनी शब्द विचारला, म्हणून सवय सापडली.

हे छापून आले १९७२ मध्ये. आत्या त्या व्हरांड्यात बसली १९७६ मध्ये. नियतकालिकातून तपासणीच्या टेबलापर्यंतचे अंतर चार वर्षांत कापले गेले नव्हते, एवढेच मी म्हणू शकतो.

पुढे १९९० च्या दशकात गुप्तांनी मुंबईत मतदारयाद्या घेऊन पस्तीस वर्षांवरच्या सुमारे एक लाख लोकांच्या घरी माणसे पाठवली. उत्तरे लिहायला हातात मावणारे संगणक होते. त्या काळी तेही नवल. प्रामुख्याने निम्न आणि मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांतली ही पाहणी. पुरुषांत ६९.३ टक्के तंबाखू वापरणारे, आणि बायकांत ५७.५ टक्के. शंभरातल्या सत्तावन्न बायका! आणि त्या जवळजवळ सगळ्या धूर न काढणारी तंबाखू वापरणाऱ्या, मशेरी त्यांत अग्रभागी. ज्या समाजात ‘आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत’ हे वाक्य अभिमानाने म्हटले जाते, त्याच समाजाचा हा आकडा आहे.

मोजून झाले, मग काय? सवय सांगून सुटते का, हा प्रश्न मेहतांच्या गटाने जितक्या चिकाटीने घेतला तितका फार थोड्यांनी घेतला असेल. भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम इथल्या तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना त्यांनी १९७७ च्या सुमारास निवडले. दरवर्षी घरी जायचे, तोंड तपासायचे, पांढरा चट्टा दिसला तर आरशात त्याचा त्यालाच दाखवायचा, बोलायचे. जोडीला चित्रफिती, रेडिओ, वर्तमानपत्रे. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सगळ्यांनी तंबाखू सोडली नाही, बहुतेकांनी सोडली नाही हेच खरे. पण सोडणाऱ्यांचे आणि कमी करणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या निरीक्षणाखाली असलेल्या आधीच्या गटापेक्षा ठळकपणे जास्त निघाले, आणि नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घसरले. हे चट्टे म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी. तंबाखू थांबली की त्यातले कित्येक विरून जातात. चाळीस वर्षे मशेरी लावलेल्या बाईला ‘आता सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्यांना यात उत्तर आहे.

सरकारने केलेल्या एका गोष्टीची आठवण फारशी निघत नाही. १९९२ मध्ये केंद्राने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. म्हणजे तोवर मंजन म्हणून तंबाखू विकता येत होती! दात घासणे आणि तंबाखू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कायद्यालाही तेव्हा कळले. घरी भाजलेल्या मशेरीला अर्थातच कायदा पोचत नाही. ती आमच्या वाडीत कमी झाली ती वेगळ्या कारणांनी: गॅस आला, चूल गेली, न्हाणीघरात बेसिन आले, सुनांना तव्यावरचा ठसका नको झाला, आणि शाळेत जाणारी नात म्हणू लागली, आजी तुझ्या तोंडाला वास येतो. या शेवटच्या कारणाला मी कुठल्याही मोहिमेपेक्षा जास्त गुण देईन.

इथपर्यंत मला आत्याच्या बाजूने लिहिणे सोपे होते. आता स्वतःच्या वाडीत शिरतो.

गुहागरला नारळ आणि पोफळी यांवर आमची तीन पिढ्या गुजराण झाली. सोललेली सुपारी अंगणात वाळत पडलेली, अडकित्त्याचा कटकट आवाज, पाहुण्यापुढे तबक. विडा नसेल तर पूजा नाही, सुपारी नसेल तर गणपतीही नाही. तिच्यावरच त्याची स्थापना करतात. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांची सुपारी तर सर्वश्रुत आहे. तंबाखू वाईट, सुपारी पाचक, ही आमची घरातली विभागणी. मी स्वतः पंचवीस वर्षे जेवणानंतर आणि वर्गातून बाहेर आल्यावर, आमच्याच पोफळीची, बारीक कातरलेली, नुसती सुपारी खात आलो.

१९५२ मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी तोंडाच्या अस्तराचा एक विचित्र विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेले नाव दिले. गालाच्या आतले मऊ अस्तर तंतुमय, ताठर, पांढरट होत जाते. तिखट सोसत नाही. मग तोंड उघडायला त्रास होतो. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर समजावे. ताठर झालेले अस्तर पुन्हा मऊ होत नाही, आणि यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. कारण म्हणून बरीच वर्षे मिरचीवर संशय होता. सुपारीवर बोट ठेवायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेले पान कर्करोगकारक ठरवले, पण तंबाखूविना पानाविषयी पुरावा अपुरा म्हटला. त्या वाक्याने आमच्यासारख्यांना एकोणीस वर्षे निवांत झोप दिली. २००४ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा पुरावा पाहिला आणि नुसती सुपारीच पहिल्या गटात टाकली. तंबाखू ज्या गटात आहे त्यात.

आमच्या घरी हे मी पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा थोरले बंधू म्हणाले, “मग पोफळी तोडू?” त्यांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्या पिकावर घराचे छप्पर शाकारले जाते. सवय म्हणजे एका माणसाची निवड असे आरोग्याची पत्रके गृहीत धरतात. पत्रके लिहिणाऱ्याच्या अंगणात सुपारी वाळत नसते. मी बंधूंना उत्तर दिले नाही, आजही माझ्याकडे ते नाही. पोफळी उभ्या आहेत.

गुटखा या दोहोंचे अपत्य: सुपारी आणि तंबाखू एका चकचकीत पुडीत. मशेरीला तवा लागे, पानाला तबक लागे, पुडीला काहीच लागत नाही. शाळकरी पोराच्या खिशात ती मावते. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तो अधिकार नाही म्हणून ती उठवली. नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा आली. बंदीत काय मिळते आणि काय मिळत नाही हे एसटी स्टँडवर उभे राहिले की कळते. तरी आकडे हलतात. राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६. त्यातही ओढणारे फक्त ३.८ टक्के. आमचा तंबाखूचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडातला जास्त आहे, आणि सिनेमाआधीची धूम्रपानाची जाहिरात पाहून आम्ही स्वतःला सुटलेले समजतो.

आमच्या जिल्ह्यात या बाबतीत शांतपणे बरेच काम झाले. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने गावोगाव तोंडाच्या, स्तनांच्या, गर्भाशयमुखाच्या तपासण्या केल्या. ज्या वाड्यांतून पूर्वी माणूस गाठ फुटल्यावरच परळला जाई आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनेन् महिने काढी, तिथे आता निदान लवकर पाहणारे कुणी येते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे आशाताई आल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता त्यांना भरायचा असतो; वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल होते का, घरात कुणाला आजार. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवायचे. तंबाखूच्या पलीकडचे हे प्रश्न आत्याच्या केसपेपरावर नव्हते, आणि ते आले आहेत ते कारणाशिवाय नाही. आता मुंबईतल्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे, आणि पाळी गेल्यावर वाढलेले वजन, बसून काढलेले दिवस, दारू यांचा त्याच्याशी संबंध आहे. वाडीत पाणी भरणारी, उकिडवी बसणारी बाई कमरेचा घेर मोजायच्या टेपाला हसली असती. तिची सून हसत नाही.

ओटीवर माझी चुलत काकू बसली होती, वय सत्याहत्तर. तक्त्यात तंबाखूच्या प्रश्नापुढे गुटखा, खैनी अशी नावे छापलेली मी वाकून पाहिली. मशेरी नव्हती. काकूने ठरलेले उत्तर दिले, “नाय गो, तंबाखू नाय.” ताईंनी पेन उचलले नाही. शेजारच्याच गावच्या त्या. त्यांनी आपल्या मनाने विचारले, “काकी, आणि मशेरी?”

काकू जराशी गोंधळली. “ती काय, दात घासायला. सकाळची एकदा.”

“एकदाच?”

“रात्री पण.”

ताईंनी ‘रोज’वर खूण केली आणि गुरुवारी उपकेंद्रात नर्सबाईंकडे तोंड दाखवायला यायला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि काका, तुम्ही?”

“तंबाखू नाही,” मी म्हणालो. खरे तेच होते. त्या लिहू लागल्या. मी त्यांना थांबवले आणि सुपारीचे सांगितले. त्यासाठी कागदावर जागा नव्हती; त्यांनी ते समासात लिहून घेतले.